मुलगा यायच्या आत

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी मासे धरायला शिकलो. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि दिवसभर केळीच्या गाड्या भरून अंगात त्राण उरत नाही. अशा माणसाला ही अवदसा कुठून आठवली, असं असोद्यातल्या ज्याने त्याने मला विचारलं. मी प्रत्येकाला काहीतरी थाप मारून वाटेला लावलं. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. माझा मुलगा माझ्याशी बोलत नव्हता आणि तो बोलावा असं मला फार वाटत होतं.

भांडण नव्हतं. भांडण असतं तर चार लोक मध्ये घालून मिटवलं असतं. तो सहा वर्षं झाली परदेशात, एका थंड देशात कॉम्प्युटरची नोकरी करतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. तुमच्याकडे ऊन कसं आहे, आहे ते आहेच. एवढं झालं की मी फोन त्याच्या आईच्या हातात देतो आणि तीही पाच मिनिटांत भाज्यांवर येते. दोन वर्षांनी एकदा तो बारा दिवस येतो. मागच्या खेपेला आला तेव्हा वरच्या खोलीत फोन घेऊन पडून होता. मी पहाटे कापणीच्या टोळीबरोबर मळ्यात जायचो, संध्याकाळी येऊन जेवून आडवा व्हायचो. एक दिवस बायको म्हणाली, आज त्याची गाडी आहे, स्टेशनवर सोडायला चला. फलाटावर उभं असताना मला कळलं की बारा दिवसांत मी त्याला गाडीचा नंबर सोडून काहीच विचारलं नाही.

मग मागच्या आषाढातल्या एका रविवारी तो अचानक बोलायला लागला. वीस मिनिटं सलग. विषय होता फ्लाय फिशिंग. त्याच्या ऑफिसातले लोक नदीवर जातात, तिथे आमिष म्हणून गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत, गळावर पिसांचा आणि दोऱ्याचा खोटा किडा बांधतात. त्या किड्याला वजनच नसतं, त्यामुळे तो फेकता येत नाही. फेकायची असते ती जाड दोरी, आणि दोरीमागे किडा आपोआप जातो. धरलेला मासा परत पाण्यात सोडून देतात. मला यातलं निम्मं समजलं नाही, पण मी हूं हूं करत राहिलो. आवाजात जीव होता त्याच्या. नंतर त्याने एक फोटोही पाठवला, त्यात तो पाण्याच्या काठावर दोन हातांत एक चंदेरी मासा घेऊन उभा होता. बायकोने फोटो बघून तोंड वाकडं केलं. मी मात्र तो फोटो चार वेळा उघडून पाहिला.

श्रावणात आमच्या ओळखीतली एक मुलगी तिकडून आली, तिच्याबरोबर त्याने एक लांब नळकांडं पाठवलं. आत चार तुकड्यांची काठी, दोरी गुंडाळायची एक गिरकी, पिवळी जाड दोरी आणि डबीत दहा-बारा किडे. चिठ्ठी नाही. फोनवर विचारलं तर म्हणाला, असू द्या घरी, इथे जागा नाही. डिसेंबरच्या शेवटी तो येणार होता. मी हिशेब केला, चार महिने आहेत. तो आला की मी ही काठी जोडून त्याच्यासमोर उभा राहीन, मग तो मला चुका दाखवेल, मी विचारीन, तो सांगेल. बारा दिवसांना पुरेल एवढं बोलणं त्यात नक्की निघेल. याहून चांगली युक्ती मला सुचली नाही, आणि खरं सांगायचं तर सुचायला डोकं ताजं लागतं, ते माझं संध्याकाळी सातला ताजं नसतं.

शिकवणारा कोणी नव्हता. मोबाईलवर एक गोरा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून शिकवायचा. त्याचं इंग्रजी मला जमत नव्हतं, म्हणून मी आवाज बंद करून फक्त हात बघायचो. मागे न्यायचं, थांबायचं, पुढे आणायचं. सोपं दिसत होतं. मी घरामागच्या खळ्यात गेलो, काठी मागे नेली आणि लहानपणी बैलांवर आसूड ओढायचो तशी पुढे ओढली. फट् असा आवाज झाला. मला वाटलं, जमलं. दोरी गोळा करून पाहिली तर टोकाचा किडा गायब. दुसरा लावला, पुन्हा फट्, तोही गेला. आसुडाचा आवाज काढायची सवय हातात अशी मुरली होती की तीन संध्याकाळींत मी सहा किडे उडवले. खळ्यातल्या कडब्यात ते शोधायला वाकून वाकून कंबरेचं मातेरं झालं. मग टोकाला किड्याऐवजी सरकीतला कापूस पिंजून बांधला आणि त्याच्यावर सराव सुरू केला.

लोकांनी करमणूक करून घेतली. कोणी म्हणालं, भाऊ बायकोला पटवायला नवा खेळ शिकतात. शेजारच्या म्हाताऱ्या आबांना पक्की खात्री होती की मी विजेच्या तारेवर आकडा टाकायची तालीम करतोय. त्यांनी मला बाजूला घेऊन फार प्रेमाने सांगितलं की या वयात हे धंदे नको, मीटर घे, मी ओळखीने लवकर करून देतो. मी त्यांना समजावलं नाही. पटलं नसतं, आणि मासे धरतोय हे पटलं असतं तर ते आणखी वाईट झालं असतं.

थांबायचं कुठे, हे मला महिनाभर कळलं नाही. माझं सगळं आयुष्य चला-चला म्हणण्यात गेलं. घड उतरला की चला, गाडी लागली की चला, पलीकडच्या मळ्यात टोळी खोळंबली असते. काठी मागे नेली की हात थांबतच नव्हता, आणि दोरी माझ्याच मानेभोवती येऊन पडायची. एका सकाळी बायको अंगणात ओली चादर वाळत घालत होती. तिने चादर मागे झटकली, ती पूर्ण पसरेपर्यंत क्षणभर थांबली, मग पुढे तारेवर टाकली. सुरकुती नाही. मी दारात चहा घेऊन उभा होतो. मी तिला म्हणालो, परत कर. ती म्हणाली, काय परत कर? मी म्हणालो, चादर काढ आणि परत घाल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला आता दवाखान्यात न्यावं लागेल. पण तिने ते केलं. त्या संध्याकाळी माझी दोरी पहिल्यांदा सरळ पडली. मी तिला हे सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

दोरी सरळ पडली, पण डबीत किडे उरले होते चार. ते वापरून संपवले तर मुलासमोर काय लावणार? म्हणून नवे बांधायचे ठरवले. दोरा घरात होता, गळ बाजारात मिळाले, पिसं नव्हती. जळगावात कोंबडीच्या एका दुकानासमोर मी गाडी लावली. दुकानातले चाचा मला वीस वर्षांपासून ओळखतात, त्यांच्या भावाची गाडी आमच्याकडे केळीला असते. माझ्या गळ्यातली माळ बघून ते उठून बाहेर आले, दुकानात येऊ नका म्हणाले आणि हळू आवाजात विचारलं, घरी कोणी बिमार आहे का, डॉक्टरने सूप सांगितलं का. मी म्हणालो, नाही, फक्त पिसं पाहिजेत, लाल कोंबड्याच्या मानेवरची. त्यांनी काही न विचारता कागदाच्या पुडीत पिसं दिली, पैसे घेतले नाहीत. मात्र त्यानंतर भेटले की ते माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागले.

बायकोने फक्त नियम केले. त्या कामाचे कपडे वेगळे, ते बाहेरच्या खिळ्यावर. पिसांची पुडी ओट्याखाली नाही, गोठ्यात. आल्यावर आंघोळ, मग स्वयंपाकघर. मला ते बरं वाटलं. ती चिडली असती तर मी सोडून दिलं असतं, आणि सोडायला मी तसा रोजच तयार होतो. दिवसभर उन्हात घड मोजून, केळीच्या चिकाने काळे झालेले हात घेऊन संध्याकाळी किडे बांधायला बसलं की डोळे मिटायचे. काय करतोय मी हे, असं वाटायचं. पण डिसेंबर जवळ येत होता.

दिवाळीनंतर मी पाण्यावर गेलो. पहूरकडे एक पाझर तलाव आहे, तिथे मासळीचा ठेका एका नानांकडे होता. नाना मूळचे धुळ्याकडचे, पांझरेच्या काठावर वाढलेले, सत्तरीच्या आसपासचे. परवानगी मागायला गेलो तेव्हा त्यांनी काठी हातात घेऊन पाहिली, किडा पाहिला, माळ पाहिली. मी सांगितलं, मी मासा नेणार नाही, परत सोडणार. ते काठी परत देत म्हणाले,

"भाऊ, खावानं नही ते धरतस कसाले?"

त्यांना मी थाप मारू शकलो नाही. म्हणालो, मुलाला येतं, तो येणार आहे, त्याच्या आधी मला शिकायचंय. नानांनी मान हलवली आणि बांधाच्या कडेला, बाभळी नाहीत अशी जागा दाखवली. तिसऱ्या रविवारी दुपारी माझ्या दोरीला हिसका बसला.

आता यापुढचं सांगताना अजून कसंतरी होतं. मी तीन महिने दोरीचा विचार केला होता. हात, खांदा, थांबणं, किडा, गाठी, सगळं घोकलं होतं. मासा लागल्यावर काय करायचं, याचा विचार मी एकदाही केला नव्हता. सत्तावन्न वर्षांत मी माशाला बोट लावलेलं नव्हतं. तळहाताएवढी चिलापी होती ती. मी तिला ओढत ओढत काठावर आणलं आणि ती मातीत फडफडायला लागली तशी मी दोन पावलं मागे सरलो. मग खांद्यावरचा रुमाल टाकून तिला उचललं. गळ तोंडात खोल गेला होता. मी तो ओढला तर तिचं तोंड सगळंच बाहेर यायला लागलं. मी थांबलो. तिचा डोळा माझ्याकडे होता, मिटत नव्हता. माशाला पापण्या नसतात हे मला माहीत नव्हतं. मी नानांना हाका मारत बांधावरून पळत सुटलो, एका हातात रुमालातला मासा, दुसऱ्या हातात काठी. नाना पलीकडच्या काठाला जाळं सोडवत होते. मी पोहोचेपर्यंत रुमालात हालचाल राहिली नव्हती.

नानांनी गळ एका झटक्यात काढला. मासा त्यांनी टोपलीत टाकला, रात्री कालवण होईल म्हणाले. मग मला बसवून शिकवलं. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ सहज निघतो. मासा पाण्यातच ठेवून सोडवायचा, रुमाल मुळीच लावायचा नाही.

"हात वला करा पहिले," ते म्हणाले. "कोरडा हात तेले भाजस."

घरी जाताना मी वाटेत एका विहिरीच्या पंपावर आंघोळ केली. माळेला हात लावायचं धाडस झालं नाही. मी कोणाचा तरी जीव घेतला तो माझ्या पोराशी गप्पा मारता याव्यात म्हणून, हे मला स्पष्ट दिसत होतं आणि फार वाईट वाटत होतं. बायकोने विचारलं, आज उशीर का झाला. मी म्हणालो, गाडी पंक्चर झाली. पुढचे दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो, सगळे गळ सपाट करून, आणि हात ओले करून दोन चिलाप्या सोडल्या. दुसरी पाण्यात गेली तेव्हा मी हसलो असेन, कारण नाना लांबून हसले.

डिसेंबरच्या शेवटी मुलगा आला. वजन कमी झालं होतं, डोळ्यांखाली काळं. पहिले तीन दिवस दिवसा झोपला. बायकोने भरीत केलं, कळण्याची भाकरी केली, तो चवीने जेवला आणि वर गेला. चौथ्या दिवशी मी टोळीला सुट्टी दिली, जी मी पोळ्यालाही देत नाही, आणि त्याला म्हणालो, चल, तुला काहीतरी दाखवायचंय. तो गाडीवर मागे बसला. रस्त्यात कापसाच्या गाड्यांमागून आम्ही हळूहळू गेलो. नळकांडं गोणपाटात गुंडाळून मी आदल्या दिवशीच नानांच्या झोपडीत ठेवलं होतं.

बांधावर मी ते उघडलं. मी काठी जोडली, दोरी ओवली, मी बांधलेला लाल किडा लावला. मी काठी मागे नेली, थांबलो, पुढे आणली. दोरी पाण्यावर सरळ, अगदी सरळ जाऊन पडली. इतकी चांगली ती आधी कधी पडली नव्हती. मी वळून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

मला वाटलं माझं काही चुकलं. मी काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, तू दाखव, मी मोबाईलवर बघून शिकलोय, चुकत असेल. त्याने काठी दोन्ही हातांनी धरली. मागे नेली, लगेच पुढे ओढली. फट्. किडा गेला. सवय मोडली असेल असं म्हणून मी दुसरा लावला. तोही गेला. तिसरा लावायला मी डबी उघडली तर त्याने माझा हात धरला आणि खाली बसला.

"पप्पा, मला येत नाही हे."

"विसरला असशील."

"कधीच येत नव्हतं."

मग त्याने सांगितलं, पाण्याकडे बघत, तुटक तुटक. ऑफिसातले लोक जातात म्हणून त्याने ती काठी विकत घेतली होती. एकदाच ते त्याला घेऊन गेले. दिवसभर तो काठावर त्यांच्या पिशव्या सांभाळत उभा होता. फोटोतला मासा दुसऱ्याने धरलेला, फोटोपुरता त्याच्या हातात दिलेला. पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. काठी कपाटात दिसायची, ती बघवत नव्हती, म्हणून इकडे पाठवून दिली. मी विचारलं, मग त्या रविवारी एवढं वीस मिनिटं काय सांगत होतास? तो म्हणाला, त्या आठवड्यात मी कोणाशीच बोललो नव्हतो. दुकानातल्या बाईशीसुद्धा नाही, तिथे मशीनवर पैसे देतात. बोलायला काही नव्हतं म्हणून वाचलेलं सांगत सुटलो. तुम्ही ऐकत होतात.

मी त्याच्या शेजारी मातीत बसलो. मी मागितलं होतं तेच घडलं होतं, मुलगा माझ्याशी बोलला होता. आणि त्या क्षणी मला वाटलं की तो वर खोलीत फोन घेऊन पडून राहिला असता तर बरं झालं असतं. सहा वर्षं मी चारचौघांत सांगत आलो की पोरगा मजेत आहे. कोणी विचारलं, परत येणार का, तर मीच म्हणायचो, इथे काय ठेवलंय. त्यालाही फोनवर हेच म्हणायचो. मला वाटायचं, मी त्याला मोकळं सोडतोय. मला स्वतःचा राग आला, थकल्या माणसाला येतो तसा, ज्याचं काही करता येत नाही.

मी म्हणालो, मग ये परत. तो किंचित हसला. म्हणाला, येऊन काय करू, तुम्हीच म्हणता इथे काय ठेवलंय. पलीकडे नाना जाळं आवरत होते, आमच्याकडे मुद्दाम बघत नव्हते. मुलाने माझे हात पाहिले, चिकाचे काळे डाग, बोटांवर दोऱ्याने पडलेले चिरे.

"तुम्ही कशाला शिकलात हे, पप्पा? एवढं थकून येता."

गावातल्या सगळ्यांना मी काही ना काही सांगितलं होतं. त्याच्यासमोर थाप सुचली नाही.

"तुझ्याशी बोलायला काहीतरी पाहिजे होतं," मी म्हणालो.

त्याने गुडघ्यांत तोंड घातलं आणि रडायला लागला, लहान असताना रडायचा तसा, आवाज न करता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाच्या आत त्याची हाडं लागत होती. बारा दिवस कसे भरून काढायचे याची मी चार महिने चिंता केली होती. त्यातले आता आठच उरले होते.